निर्णय तुमचाच

वाईला माणसं पूर्वी निर्णय न्यायला यायची. परदेशी जाऊन आलेल्याला पंगतीत घ्यायचं का, दत्तक कोणता खरा, सुतक कुणाला किती, विधवेचं लग्न लावलं तर शास्त्र काय म्हणतं, असल्या प्रश्नांची गाठोडी घेऊन ती कृष्णाकाठी उतरत. शास्त्रीबुवा वचन काढत, अर्थ लावत आणि निकाल सांगत. निकाल पटो न पटो, विचारणाऱ्याची जबाबदारी तिथे संपायची. उद्या कुणी बोट दाखवलंच तर 'वाईच्या शास्त्र्यांनी सांगितलं' एवढं उत्तर पुरेसं असे.

ही सोय फार मोठी असते. निर्णय दुसऱ्याने दिला की चुकल्याचं खापरही त्याच्याच डोक्यावर फोडता येतं. शास्त्री गेले, सोय मात्र आपण सोडली नाही. मुलाने दहावीनंतर काय घ्यायचं हे शेजारचे काका सांगतात, जमिनीची वाटणी कशी करायची हे मामा सांगतात, नोकरी सोडावी की धरून ठेवावी हे कट्ट्यावरचा कुणीही सांगतो. सल्ला द्यायला आपल्याकडे माणूस कमी पडत नाही. अशा मुलखात आता एक असा माणूस शिरू पाहतोय, जो पैसे घेतो आणि सल्ला देत नाही.

त्याला लाइफ कोच म्हणतात, पर्सनल कोच म्हणतात. पुण्यामुंबईत हा प्रकार जुना झाला. मोठ्या कंपन्या आपल्या साहेबांसाठी असे कोच नेमतात. वाई-सातारा-सांगलीकडे तो आला तो मुख्यतः मोबाइलवरून. तासभर तो तुमचं ऐकतो, मधूनमधून एखादा प्रश्न विचारतो आणि उठताना 'मग काय करायचं ठरवलंत?' म्हणून मोकळा होतो. पहिल्यांदा गेलेला माणूस बहुधा वैतागतो. सगळं मीच बोलायचं आणि मीच ठरवायचं, तर तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही. ते शोधायला वाईच्या आसपास फिरलं तर हाती बरंच काही लागतं.

॰॰॰

कोच म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर शिवाजी पार्क येतं. क्रिकेट शिकवणारे आचरेकर सर, यष्टीवर ठेवलेलं एक रुपयाचं नाणं आणि चुकलं तर बसणारा दणका. ज्याला कळतं तो सांगणार, ज्याला कळत नाही तो ऐकणार. हे आता बोलतोय ते कोचिंग याच्या बरोबर उलट आहे. गंमत अशी, की तेही खेळाच्या मैदानातूनच निघालं.

टिमथी गॅलवे नावाचा अमेरिकन माणूस टेनिस शिकवत असे. त्याच्या लक्षात आलं, की मनगट असं धर, खांदा तसा वळव, अशा सूचना जितक्या जास्त, तितका शिकणारा जास्त आखडतो. मग त्याने सूचना थांबवल्या. चेंडूचा टप्पा पडला की मोठ्याने 'टप्पा' म्हणायचं, रॅकेटला लागला की 'फटका' म्हणायचं, एवढंच काम त्याने शिकणाऱ्याला दिलं. बाकी काही सुधारायला जाऊ नकोस, नुसतं बघ. लक्ष चेंडूवर गेलं, डोक्यातली बडबड थांबली आणि फटके आपोआप सुधारले. १९७४ साली त्याने यावर 'द इनर गेम ऑफ टेनिस' हे पुस्तक लिहिलं. गॅलवे त्या काळात आपल्याकडच्या गुरू प्रेम रावत यांचा अनुयायी होता. थोडक्यात, अमेरिकेतून आपल्याला विकत मिळणाऱ्या या मालात थोडा कच्चा माल इथूनच गेलेला आहे.

टेनिसमधली ही युक्ती इंग्लंडमध्ये कचेऱ्यांत नेली ती जॉन व्हिटमोर याने. हा मूळचा मोटारींच्या शर्यतीतला गडी. १९९२ च्या त्याच्या पुस्तकामुळे चार टप्प्यांची एक पद्धत जगभर गेली: कुठे पोचायचंय, आज कुठे उभे आहात, वाटा कोणत्या, आणि आता नेमकं काय करणार. १९९५ साली अमेरिकेत कोच मंडळींची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, प्रमाणपत्रं निघाली, दर ठरले. धंदा म्हणून याची कथा एवढीच. यापुढची भर मुख्यतः विकणाऱ्यांची आहे.

॰॰॰

प्रत्यक्ष बैठकीत काय होतं ते बघू. अशा बैठका खासगी असतात आणि तशाच राहायला हव्यात. म्हणून पुढचा संवाद कुणा एका माणसाचा नाही, मी जुळवून लिहिलेला आहे. वाई एमआयडीसीतले एक सुपरवायझर धरा. चाळिशी ओलांडलेली, घरची थोडी हळद, थोडा ऊस, वडील थकलेले, मुलगा दहावी होऊन बसलेला. समोर साताऱ्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांनी हे काम शिकून घेतलंय.

"घरात माझं कोण ऐकत नाही, मॅडम."

"शेवटचं कधी असं वाटलं?"

"परवाच. पोरगा म्हणतोय, सायन्स नको, हॉटेल मॅनेजमेंट करणार."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, लोकांची खरकटी काढायला शिकवला का तुला?"

"मग?"

"ताटावरनं उठून गेला."

इथे मॅडम गप्प बसतात. हे गप्प बसणं लिहिताना एका ओळीत संपतं. खोलीत ते फार लांबतं. पंखा फिरतो, बाहेर कुणीतरी गाडी लावतं. सुपरवायझर चहाचा कप उचलतात, तो रिकामा आहे हे बघतात आणि खाली ठेवतात.

"तसा पोरगा वाईट नाही. मला वाटतं, पाचगणीच्या हॉटेलात त्याचा कोण मित्र लागलाय. पण मी विचारलं नाही."

"काय विचारलं नाही?"

"हेच. त्याच्या डोक्यात हे आलं कुठनं."

आणखी थोडा वेळ जातो.

"कंपनीत एखादा माणूस सारखा उशिरा यायला लागला, तर त्याच्याशी काय बोलता?"

"उशीर का झाला विचारतो. तो म्हणतो, गाडी पंक्चर."

"दर वेळी?"

आता ते हसतात. "दर वेळी पंक्चर कुठली, मॅडम. मला कळतंय. त्यालाही कळतंय की मला कळतंय."

मॅडमनी इथे एकही सल्ला दिलेला नाही. मुलाला समजून घ्या, त्याचं करिअर त्याला निवडू द्या, हॉटेल व्यवसायाला आता चांगले दिवस आहेत, हे सगळं त्यांना म्हणता आलं असतं. त्यावर सुपरवायझरनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन आधीचंच केलं असतं. घरातला बाप आणि खात्यातला साहेब ही एकाच माणसाची दोन रूपं आहेत आणि दोन्हीकडे समोरचा त्याला खरं सांगत नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकावं लागलं. पैसे कशाचे, या प्रश्नाचं उत्तर त्या रिकाम्या कपापाशी आहे. तेवढा वेळ गप्प बसणं नातेवाइकाला जमत नाही.

'का' हा प्रश्न मॅडम जवळजवळ विचारतच नाहीत, हेही लक्षात घेण्यासारखं. का केलंस, का नाही केलंस, असं विचारलं की माणूस बचावाला उभा राहतो. काय झालं, कधी झालं, त्या वेळी मनात काय आलं, असं विचारलं की तो आठवू लागतो. फौजदार आणि कोच यांच्यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो.

॰॰॰

गप्प बसणं किती अवघड आहे याची मोजमापं झालेली आहेत. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-रुग्णांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून तपासलं. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते. त्याआधी मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गावर्गांत बसून पाहिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात. त्यांनी शिक्षकांना तीन सेकंद थांबायला लावलं. मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. दोन जादा सेकंद, त्याला खर्च शून्य. आपल्या घरांत याची मोजणी कुणी केलेली नाही, आणि नाही केली हे बरं.

हे झालं परदेशचं. पण वाईत बसून संवादाविषयी लिहायचं आणि प्राज्ञ पाठशाळेचं नाव घ्यायचं नाही, हे कसं चालेल? नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची ही पाठशाळा. १९१७ च्या सुमारास गांधींच्या आश्रमातून रजा काढून विनोबा इथेच त्यांच्यापाशी शिकायला आले. खानदेशातल्या पिंपळनेरचा एक मुलगाही इथेच शिकला, १९२३ साली कलकत्त्याहून 'तर्कतीर्थ' होऊन आला आणि पुढे लक्ष्मणशास्त्री जोशी म्हणून महाराष्ट्राला माहीत झाला. मराठी विश्वकोशाचं काम वाईत आलं ते त्यांच्यामुळेच.

ते ज्या न्यायशास्त्रात वाढले, त्यात बोलण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते दोघांनी मिळून शोधायचं, तो वाद. काहीही करून आपण जिंकायचं, तो जल्प. आणि आपलं स्वतःचं काहीच मांडायचं नाही, फक्त समोरच्याचं खोडून काढायचं, ती वितंडा. गौतमाच्या सूत्रांतलं हे वर्गीकरण जेवणाच्या टेबलाला लावून बघावं. बापलेकांत होतो तो बहुतेक वेळा जल्प. नवराबायकोत, विशेषतः सासर-माहेरचा विषय निघाला की, वितंडा. वाद, म्हणजे शास्त्रातला खरा वाद, आपल्या घरांत क्वचितच होतो आणि जे होतं त्यालाच आपण वाद म्हणतो. चांगला कोच दुसरं काही करत नाही. तो समोरच्याला जल्पातून ओढून वादात आणतो.

तर्कतीर्थांचं आयुष्यही या दृष्टीने बघण्यासारखं आहे. निर्णय सांगणाऱ्या परंपरेत शिकलेला हा माणूस स्वतःचे निर्णय पुन्हा पुन्हा तपासत गेला. १९३२ साली गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार आहे का, याची तिथे चर्चा चालली, तीत लक्ष्मणशास्त्री होते, आणि आधार नाही या बाजूने होते. पुढच्याच वर्षी, १९३३ साली, गांधींचे चिरंजीव देवदास आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचं लग्न पुण्यात लागलं. वर वैश्य, वधू ब्राह्मण. सनातन्यांच्या लेखी हा प्रतिलोम विवाह, म्हणजे अब्रह्मण्यमच. ते लग्न लावलं वाईच्या लक्ष्मणशास्त्र्यांनी.

या जोडप्याचा मुलगा राजमोहन. आणि योगायोग असा, की वाईच्या डोक्यावर, पसरणीचा घाट चढून गेलं की लागणाऱ्या पाचगणीत, ऐकण्याचं एक केंद्र उभं राहिलं ते या राजमोहन गांधींच्या पुढाकाराने.

॰॰॰

एशिया प्लॅटो हे त्या केंद्राचं नाव. १९६८ साली ते सुरू झालं. पाचगणीत स्ट्रॉबेरी खायला आणि टेबललँडवर घोड्यावर बसायला जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते माहीत नसतं. 'मॉरल रीआर्मामेंट' म्हणजे नैतिक पुनरुत्थानाच्या चळवळीचं हे भारतातलं घर. चळवळीचं नाव २००१ पासून 'इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज' झालं.

चळवळीचा मूळपुरुष फ्रँक बुकमन हा अमेरिकन धर्मोपदेशक. १९०८ साली त्याचं एका वसतिगृहाच्या सहा विश्वस्तांशी बिनसलेलं होतं आणि तो मनात विष घेऊन इंग्लंडात हिंडत होता. एका प्रवचनानंतर त्याला वाटलं, की त्या सहा जणांचं चुकलं असेल, पण आपल्या मनातला हा द्वेष तर आपलाच आहे. त्याने सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रं लिहिली. त्यातून पुढे जी पद्धत आली, तिला ही मंडळी 'क्वाएट टाइम' म्हणतात. सकाळी वही घेऊन शांत बसायचं. मनात येईल ते लिहायचं. ते प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थीपणा आणि प्रेम या चार कसोट्यांवर घासून बघायचं. मग हवं तर दुसऱ्याला सांगायचं. दुसऱ्याने ऐकायचं.

पाचगणीच्या शिबिरांना कारखान्यांतले कामगार, त्यांचे पुढारी, फोरमन आणि व्यवस्थापक एकत्र येत आले आहेत. एरवी टेबलाच्या दोन बाजूंना बसणारी माणसं इथे शेजारी शेजारी वह्या घेऊन बसतात. कामाची गोष्ट निघता निघता घरची निघते, कारण गप्प बसलं की आधी घरच आठवतं: बायकोशी चार दिवस अबोला, भावाशी बांधावरून कोर्टात गेलेली केस. पगारवाढीच्या मागणीपेक्षा हे जड निघतं.

एका प्रश्नाने काय होतं, याचं या चळवळीतलं गाजलेलं उदाहरण स्वित्झर्लंडमधल्या को गावचं आहे. १९४७ साली तिथल्या केंद्रात इरेन लॉर ही फ्रेंच समाजवादी कार्यकर्ती आली होती. युद्धात तिच्या मुलाचा छळ झालेला. सभागृहात जर्मन दिसले आणि तिने निघून जायला सामान बांधलं. बुकमनने तिची समजूत काढली नाही. जर्मनांना वगळून तुम्ही युरोप कसा उभारणार, एवढंच विचारलं. ती खोलीत जाऊन बसली. पुढे व्यासपीठावरून तिने आपल्या मनातल्या द्वेषाबद्दल जर्मनांची क्षमा मागितली आणि नंतर जर्मनीभर फिरून तेच बोलली. छळ सोसलेल्याने क्षमा मागायची, हे मला आजही पूर्ण पचत नाही. पण तिच्याकडून ते कुणी वदवून घेतलं नव्हतं, एवढं मान्य करावं लागतं.

या चळवळीवर टीकाही झाली आणि ती अनाठायी नव्हती. १९३६ साली बुकमनने कम्युनिझमच्या भीतीपोटी हिटलरची भलावण केली. ते बोल त्याला जन्मभर चिकटले. संपाच्या काळात कामगाराला 'आधी स्वतःच्या आत बघ' म्हणणं मालकाला फार सोयीचं असतं, असं डाव्या पुढाऱ्यांचं म्हणणं होतं. हा आक्षेप जपून ठेवा, आजच्या कोचिंगलाही तो जसाच्या तसा लागू पडतो.

॰॰॰

बुकमनच्या मंडळींतून आणखी एक फांदी फुटली, ती मात्र घाटाखाली गावोगाव पोचली. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन दारुड्यांनी एकमेकांचं ऐकून घ्यायला सुरुवात केली. दोघेही बुकमनच्या गटात जाणारे. त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस निघालं. आज महाराष्ट्रात शाळेच्या वर्गात, चर्चच्या पडवीत, दवाखान्याच्या मागच्या खोलीत संध्याकाळी यांच्या बैठका भरतात. एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, उपदेश करायचा नाही, उलटतपासणी तर अजिबात नाही. या बैठकीला फी नसते. येणारा प्रत्येक जण पूर्वी घरच्यांचे शेकडो सल्ले आणि शपथा पचवून आलेला असतो, त्यामुळे सल्ल्याचा उपयोग किती, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पुलं-सुनीताबाईंच्या देणगीतून. तिथे व्यसनी माणसाच्या बायकोचंही ऐकायचं असतं, हे पहिल्यापासून ओळखलं गेलं. वर्षानुवर्षं नवऱ्याचं लपवत आलेल्या बाईला कुणी 'तुमचं काय चाललंय?' असं विचारलेलंच नसतं. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या 'परिवर्तन' संस्थेने व्यसनमुक्तीपासून सुरुवात केली. पुढे मनोविकारतज्ज्ञ डॉ. हमीद दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 'मानसमित्र' तयार केले. साधी माणसं, थोडं प्रशिक्षण घेतलेली. काम भावनिक प्रथमोपचाराचं: ऐकायचं, धीर द्यायचा आणि गरज दिसली तर डॉक्टरकडे पोचवायचं. कोविडच्या काळात फोनवरून हे काम फार झालं. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाने गावातल्याच माणसांना असं तयार केलं गेलं, आणि ठाण्याच्या आयपीएच या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० पासून मनाच्या आरोग्याची भाषा मराठी मध्यमवर्गाच्या घरात नेली.

या सगळ्यांना कोचिंग म्हटलं तर त्यातल्या काहींना राग येईल, आणि बरोबरच आहे. उपचार वेगळा, समुपदेशन वेगळं, कोचिंग वेगळं. पण ज्या कौशल्यासाठी कंपन्या आज पैसे मोजतात, ते या मंडळींनी आधीच, आणि जवळपास फुकट, या मातीत रुजवून दाखवलंय. सातारा-सांगलीत कोच व्हायला निघालेल्यांनी विमानाचं तिकीट काढण्याआधी साताऱ्याची एसटी धरावी.

॰॰॰

याहून जुनं म्हणाल तर जातं. पहाटे दोघी जणी समोरासमोर बसत, खुंट्याला चार हात लागत आणि ओवी सुरू होई. सासूचं, भावाचं, न आलेल्या मुळाचं, मेलेल्या लेकराचं. समोरचीने फक्त ओढ द्यायची आणि पुढची ओवी होऊ द्यायची. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एवढं बोलणं बायकांच्या पोटात होतं आणि ऐकायला एक सखी आणि एक दगड! (वाईच्या मुक्कामात विनोबांनीही दळण दळून वाचनालयासाठी पैसे उभे केले होते. पुरुषाने दळलं की त्याची नोंद होते.) विजेची चक्की आली, हातांचे कष्ट वाचले. ऐकणारी सखीही त्याच दिवशी उठून गेली आणि तिच्या जागी कुणी आलं नाही. आज घरात चार माणसं चार फोन घेऊन बसतात, त्याबद्दल आपण मोबाइलला शिव्या देतो. पण सुनेचं बोलणं सासऱ्याने, मुलाचं बोलणं बापाने ऐकून घ्यावं, अशी आपली रीत मोबाइल यायच्या आधीही नव्हती.

म्हणूनच घरातल्या घरात कोच होऊ पाहणाऱ्यांची मला थोडी धास्ती वाटते. दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेला नवरा बायकोला 'तुला नेमकं काय हवंय?' असं आवाज खाली आणून विचारू लागला, की ती बिचारी आधी त्याच्या तोंडाचा वास घेते. ज्याच्या हातात घरची सत्ता आहे, त्याचा प्रश्न कितीही मऊ असला तरी तो आज्ञेसारखाच ऐकू येतो. सत्ताधाऱ्याने प्रश्न विचारण्याआधी पुष्कळ दिवस नुसतं ऐकण्याची गरज असते.

कारखान्यात हे आणखी खरं आहे. वाईपासून शिरवळपर्यंत महामार्गाच्या कडेने कारखाने उभे राहिले, त्यांत कंत्राटी पोरं बारा-बारा तास राबतात. अशा पोराला मनुष्यबळ खात्याने बोलावून 'पाच वर्षांनी तू स्वतःला कुठे बघतोस?' विचारणं ही थट्टा आहे. त्याला पुढच्या महिन्यात काम असेल का, हे त्यालाच माहीत नाही. भुईंजच्या साखर कारखान्याच्या हंगामात बीड-धाराशिवकडून येणाऱ्या ऊसतोड बाईला उचल किती, कोयत्याचा दर किती आणि आजारी पडली तर खाडा किती, हे प्रश्न आहेत. ते तिच्या मनातले नाहीत, बाहेरचे आहेत आणि त्यांची उत्तरं मुकादमाने आणि सरकारने द्यायची आहेत. जिथे मजुरी, कायदा आणि छप्पर यांचा प्रश्न आहे, तिथे 'उत्तर तुमच्यातच आहे' हे वाक्य पळवाट ठरतं. कामगाराच्या डोक्यात शिरण्याआधी त्याची पगाराची पावती बघावी.

दुसरी मर्यादा आजाराची. महिनोन् महिने झोप उडालेला, जेवण सुटलेला, जगण्यात राम नाही म्हणणारा माणूस कोचकडे गेला तर कोचने त्याला हात जोडून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायला हवं. तिथे प्रश्न विचारत बसणं धोक्याचं आहे. आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञाला पदवी लागते, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला नोंदणी लागते. कोचला काहीच लागत नाही. आज फलक लावा, उद्यापासून कोच. हे लक्षात ठेवूनच दार वाजवावं. सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

या मर्यादा सोडल्या तर कोचिंगचा उपयोग होतो का? होतो. २०१४ साली नेदरलँड्समधल्या तीन संशोधकांनी कामाच्या ठिकाणच्या कोचिंगवरचे १८ अभ्यास एकत्र तपासले. काम, मनःस्थिती, ठरवलेलं तडीस नेणं, या सगळ्यांत फरक दिसला. माझी तक्रार उपयोगाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती हे कौशल्य कुणापर्यंत पोचतं याबद्दल. आज ते हॉटेलच्या वातानुकूलित सभागृहात व्यवस्थापकांना शिकवलं जातं. त्याची खरी निकड खात्यातल्या फोरमनला, प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या नर्सला, आशाताईला, जिल्हा परिषदेच्या मुख्याध्यापकाला, पतसंस्थेच्या वसुलीला जाणाऱ्या पोराला आणि पोलीस ठाण्यात बाईची तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराला आहे. त्यांच्यासमोर रोज माणसं येतात आणि अठरा सेकंदांच्या आत तोडली जातात. वाईच्या विद्येचा वारसा सांगणाऱ्या संस्थांनी वर्षातून चार दिवस यासाठी काढले, तर व्याख्यानमालेतल्या आणखी एका भाषणापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

आणि कुणाला स्वतःसाठी कोच शोधायचाच असेल, तर प्रमाणपत्र, फोटो, गाडी काही बघू नका. पहिल्या भेटीला जाताना घड्याळ घेऊन जा. तासाभरात निम्म्याहून जास्त वेळ तोच बोलला, तर दुसऱ्या भेटीचे पैसे देऊ नका. एवढा सल्ला मी देतो. मी कोच नाही, त्यामुळे मला तो चालतो.